अक्काचे हात

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेंगांची चटणी. दाणे मी भाजले. भाजताना दोन-चार काळे झाले, ते तिनं वेचून माझ्यापुढं ठेवले, पुरावा म्हणून. तिच्या खांद्याला वर्षभर कळ होती, तेव्हा उखळात कुटायचं माझ्याकडं आणि हुकूम सोडायचं तिच्याकडं. "पीठ करताय व्हय? तेल सुटंस्तोवर कुटा, पण दमानं." तिखट मी घातलं. तिनं बोटावर घेऊन चाखलं आणि म्हणाली, "ही सोलापूरची चटणी हाय की पुण्याची?" मी आणखी तिखट घातलं. मग ती म्हणाली, "जरा पडते." चार वाजता मी चहा घेऊन गेलो, तर ती उठली नाही.

एवढंच झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते दुसरंच. तिला न्यायच्या आधी दारात माणसं जमली. तिच्या माहेरकडची एक बाई दुसरीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "बिचारी. मूल न्हाय, बाळ न्हाय. मागं काय ऱ्हायलं?" ती वेळ भांडायची नव्हती, नाहीतर मी सोडलं नसतं तिला. मी शाळा चौथीपर्यंत केली, त्यातली निम्मी रानात गुरांमागं गेली. तरी अक्षर लागतं. म्हणून लिहितो, काय राहिलं ते.

मोठा दुष्काळ सरल्यानंतरच्या थंडीतली गोष्ट. तेव्हाही आम्ही गिरणीच्या मागच्या ह्याच बोळात राहत होतो. दोन्ही अंगाला एकेक खोलीची घरं, मधे गटार, बोळाच्या तोंडाला सगळ्यांत मिळून एक नळ. मराठी, तेलुगू, कानडी, सगळी माणसं तिथं. भांडायला लागली की प्रत्येकजण आपापल्या भाषेत भांडायचा आणि समोरच्याला सगळं समजायचं. पुरुष गिरणीत नाहीतर मागावर. मी गिरणीत साचेवाला, म्हणजे यंत्रावरचा कामगार होतो, जास्त करून रात्रपाळीला. बायका बिड्या वळायच्या. कारखान्यातनं पान-तंबाखू आणायचं, घरी बसून वळायचं आणि दुपारी नेऊन द्यायचं. वेळ टळली की कारखान्याचं दार बंद. वेळेत गेलं तरी तिथं तपासणारा बसलेला असायचा. त्याला बिडी पसंत पडली नाही की ती छाट. छाट म्हणजे मोडून टाकायची, त्याचं काही मिळायचं नाही.

अशात बारकी पोरं कोण संभाळणार? पोरंच. चालायला लागलेल्या भावाला सहा वर्षांची बहीण संभाळायची. तिच्या कडेवर तो मावायचा नाही, घसरत घसरत गुडघ्याला यायचा. आणि मग व्हायचं ते व्हायचं. कुणाच्या भुवईत पानं कापायची कात्री घुसायची. कुणी बाटलीतलं रॉकेल पाणी म्हणून प्यायचं. कुणी स्टोव्हला हात लावायचं, कारण एका खोलीत स्टोव्ह जमिनीवर आणि पोरगंही जमिनीवर. झालं की माणसं म्हणायची, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या उतरायची. पुन्हा बिड्या वळायला बसायची, न बसून करतात काय.

आमच्या समोरच्या खोलीत एक तेलुगू घर होतं. नवरा मागावर, रात्रपाळीला. बायको बिड्या वळायची. नवऱ्याची आई, तिला सगळा बोळ अव्वा म्हणायचा. एक पोरगी, नुकती शाळेत घातलेली, आणि तिच्या पाठचा एक पोरगा, दीड-दोन वर्षांचा. तो बहिणीला अक्का म्हणायचा. तिच्या भाषेत थोरल्या बहिणीला तेच म्हणतात. त्याचं ऐकून आम्हीही तिला अक्काच म्हणायला लागलो. म्हातारेकोतारेसुद्धा.

त्या सकाळी मी कामावरून येऊन दारात मिसरी लावत होतो. समोरच्या घरातला नवराही नुकताच येऊन पडला होता. तो झोपावा म्हणून पोरं बाहेर आणि अंघोळीच्या पाण्याची चूलही बाहेर, उंबऱ्याला लागून. बायको पानं आणायला कारखान्यावर गेलेली. अव्वानं हंड्यातलं कढत पाणी घंगाळात ओतलं. घंगाळ म्हणजे ते बुटकं, पसरट तोंडाचं, पोराच्या गुडघ्याएवढं. आमच्याकडं रीत अशी की आधी कढत पाणी ओतायचं, मग त्यात विसण घालायचं, म्हणजे गार पाणी. सगळ्या बोळात अशीच रीत होती. माझ्या आईचीही तीच. विसणाला पाणी नव्हतं, म्हणून अव्वा कळशी घेऊन नळावर गेली आणि जाताना अक्काला म्हणाली, "बघ गं त्याच्याकडं."

पोरगं उलट्या पावलानं चालत होतं. नुकती चालायला लागलेली पोरं तशी चालतात, स्वतःवरच खूश असतात. मी तोंडात मिसरीचं बोट घालून त्याच्याकडं बघत हसत होतो. तेवढ्यात ते घंगाळाला टेकलं आणि मागच्या मागं आत बसलं.

मी गटार ओलांडेपर्यंत अक्कानं त्याला वर काढलेलं होतं.

माझी बायको माझ्या मागनं आली ती पोरगं उचलून थेट नळाखाली. नळाला रांग होती, भांडी होती. तिनं लाथेनं घागरी बाजूला केल्या. "पाणी बंद कराल तर बघा!" म्हणून ओरडली. पोराचा आवाज आठ घरं पलीकडं जात होता. आमच्यातले एक म्हातारे, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, ते शाईची दौत घेऊन धावत आले. तेव्हा भाजल्यावर शाई ओतायचे. कुणी चुना आणला. बायकोनं दौत बघितली आणि म्हणाली, "तात्या, पत्र लिव्हताय व्हय पोराच्या पाठीवर? व्हा बाजूला!" मग ओलं धुतलेलं लुगडं गुंडाळून आम्ही त्याला टांग्यात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. आवाजानं बाप जागा होऊन बाहेर आला होता, त्यालाही बरोबर घेतलं. त्याला बिचाऱ्याला काय झालंय तेही धड कळेना.

आम्ही परत आलो तर बोळात अव्वा कपाळ बडवून घेत होती. "अय्यो देवुडा! सांगून गेले हुते, बघ म्हणून सांगून गेले हुते! खेळत बसली भवानी! भावाला खाल्लं हिनं!" आईही आलेली होती, तिच्या हातातलं पानांचं गाठोडं तसंच. ती अक्काला मारायला शोधत होती.

अक्का सापडली माझ्या बायकोला. आमच्या खोलीत, पाण्याच्या पिंपामागं. परकरात दोन्ही हात लपवून बसली होती. बायकोनं परकर बाजूला केला. कोपरापर्यंत हात लाल, फोड आलेले. ती रडतही नव्हती. मार बसेल म्हणून गप्प.

बायकोनं तिचे हात पाण्यात धरले, बराच वेळ. मग तिला कडेवर घेतलं आणि मधोमध नेऊन उभी केली.

"अव्वा, हिकडं या. समद्यांनी या. हे बघा. खेळत बसली असती तर हिचे हात भाजले असते व्हय? कढत पान्यात हात घातले हिनं. तुमच्यातल्या कुणी घातले असते? मी तरी घातले असते का, देव जाणे. डाक्टर म्हणला, लगेच काढला म्हणून वाचंल. कुणी काढला? हिनं."

आईनं पानांचं गाठोडं खाली टाकलं आणि पोरीला जवळ घ्यायला गेली, तर हाताला धक्का लागला आणि तेव्हा ती पोरगी पहिल्यांदा रडली.

मी तिथं उभा होतो. गिरणीत मी पुढाऱ्यांची भाषणं ऐकली आहेत, लाऊडस्पीकरवरची. त्या दिवशी बोळात जे ऐकलं तसं नाही ऐकलं कधी. आणि ती माझी बायको होती.

पण माणसाचं मन सरळ नसतं. चार दिवस गेले. पोरगं जगणार हे कळलं. तशी अव्वा पुन्हा सुरू झाली. पोरीचा पायगुणच वाईट. हिला गावी मामाकडं धाडायची. अक्कलकोटच्या अलीकडं त्यांचं खेडं होतं. तिथं राहील, शेळ्या राखील. शाळा कशाला? मंगळवारच्या बाजाराला मामा येणार होता, त्याच्याबरोबर पाठवायची असं ठरलं. आईबाप गप्प. अव्वापुढं त्या घरात कुणाचं चालत नव्हतं.

अक्काला कळलं होतं. ती हाताला फडकी बांधून आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. मलाही ती मामाच म्हणायची. एकदा म्हणाली, "मामा, शेळ्या चावतात का?" मी म्हणालो, नाही चावत. बायको माझ्यावर खेकसली, "तुमी कशाला सांगताय तिला शेळ्याचं? ती कुटं जात न्हाय."

आणि गेली समोर. मी दारातनं ऐकत होतो. तात्याही होते तिथं, भिंतीला टेकून.

"बाई, नशिबापुढं कुणाचं चालतंय?" तात्या म्हणाले.

"नशीब कळशी घिऊन नळावर गेलं हुतं का?"

अव्वा उसळली. "म्हंजे? मी भाजलं पोराला?"

"न्हाय अव्वा. तुमी कशाला गेला? इसण आनाया. आधी का भरून ठिवलं न्हाय? रांग हुती. आई का नव्हती? पानं मिळाली न्हाईत तर दिवस बुडतो. बाप झोपलेला, कारण रातभर उभा हुता. चूल भाईर, कारण खोली एक. समद्यांनी आपापलं केलं आणि ऱ्हायली ही सहा वर्साची पोर. तिला कुणी आई केली? आपनच. आणि आता म्हनताय तिचा पायगुन."

"तुला पोर न्हाय," अव्वा म्हणाली. "तुला काय कळतंय पोराचं?"

हे बोळात आजवर कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. मी उठलोच होतो. बायकोनं मागं न बघता हात वर केला, बसा म्हणून.

"कळतंय की," ती म्हणाली. "मला माझं पोर न्हाय, म्हनून बसल्या जागी मला समद्यांची दिसत्यात. कुणाचं कुटं चाललंय ते. तुमाला तुमचंबी दिसत न्हाय, कामापायी."

"मग तूच संभाळ जा!"

"संभाळते. पण अक्का हितंच ऱ्हाईल आणि शाळंत जाईल. बोला."

अव्वा म्हणाली, "मंगळवारपातूर करून दाव."

घरी आल्यावर मी म्हणालो, तूही बिड्या वळतेस, संभाळणार कधी? ती म्हणाली, "एकटी कशाला संभाळू?"

तिनं बायका गोळा केल्या. तिचं म्हणणं असं: रोज एकीनं वळायचं कमी आणि सगळ्यांची पोरं बघायची. बाकीच्यांनी आपापल्या बिड्यांतल्या थोड्या तिला द्यायच्या, म्हणजे तिचा दिवस बुडणार नाही. वाटतं सोपं. बायकांनी चार फाटे फोडले. एक म्हणाली, हिच्यात मटण शिजतं, माझं पोरगं माळकऱ्याचं. दुसरी म्हणाली, माझ्या पोराला कानडीशिवाय कळत नाही. बायको म्हणाली, "खायाचं ज्याचं त्यानं बांधून द्या. आणि रडन्याला कसली गं आलीय कानडी?" हसल्या. हसल्या म्हणजे निम्मं काम झालं.

पहिली पाळी तिनं स्वतः घेतली. आमच्या खोलीत पोरंच पोरं. मी रात्रपाळीचा, झोपायला माळ्यावर गेलो. दुपारी ती बायकांनी दिलेल्या बिड्या आपल्यात मिसळून कारखान्यावर गेली आणि रिकामी टोपली घेऊन परत आली. तपासणाऱ्यानं जुडी सोडली, बोटांत दोन-चार बिड्या फिरवल्या आणि म्हणाला, "बाई, ह्यात किती जणींचे हात हायेत? एक ढिली, एक घट्ट. गिऱ्हाईक काय म्हणंल?" सगळा माल छाट. तिच्या स्वतःच्यासुद्धा.

वळणाऱ्या बाईचा हात बिडीत दिसतो, हे बोळातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. पण पोरांच्या नादात एकीच्याही डोक्यात आलं नाही. संध्याकाळी बायका म्हणाल्या, ऱ्हाऊ दे आता. अक्काची आई माझ्या बायकोला म्हणाली, "वदिना, तू लई केलंस." त्यांच्यात वदिना म्हणजे वहिनी. त्या बोलण्यात निरोप घेतल्यासारखं होतं. अक्काचा एक झगा धुवून दोरीवर टाकलेला मी बघितला.

सोमवारी बायको पानं कापत बसली होती. बिडीचं पान पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून फर्म्याच्या कडेनं कात्री फिरवायची, रोज ढिगानं. निम्मा वेळ त्यातच जातो. कापता कापता ती थांबली.

"अवो, हिकडं या. ह्यातलं माझं पान कंचं आणि समोरचीचं कंचं, सांगा."

मी दोन्ही पानं उलटीपालटी करून बघितली. "मला काय कळतंय? दोन्ही सारखीच हायेत."

"तेच की!" ती म्हणाली आणि तशीच मांडीवरची पानं सांडत बाहेर पळाली. "अगं ए, बिड्या नगा दिऊ! पानं कापून द्या! वळायचं जिचं तिनं!"

पान फर्म्याचं असतं, त्याला कुणाचा हात नसतो. पोरं बघणारीला कापलेली पानं आयती मिळाली तर पोरं झोपल्यावर तेवढ्या वेळात ती आपल्या हातानं वळून काढते. तपासणाऱ्याला काय दिसणार? मी गिरणीत साचे चालवले, बिघडले तर जुळवले, पण ही जुळणी मला सुचली नसती. मला तर सुचली नसतीच, तात्यांनाही नाही.

मंगळवारी मामा आला. खांद्यावर पिशवी, बाजाराची घाई. त्या दिवशी पाळी अक्काच्या आईची होती आणि बायकोनं अव्वाला तिच्या जोडीला बसवलं होतं. "अव्वा, तुमच्याबिगर पोरं ऐकत न्हाईत," असं गोड बोलून. ती खोटं क्वचितच बोलायची, बोलली तर असं. अव्वा ओळीनं बसलेल्या पोरांना तेलुगूत काहीतरी सांगत होती आणि कानडी पोरगं तोंड उघडं टाकून ऐकत होतं.

मामा म्हणाला, "पोर कुटाय? एसटी चुकंल."

"शाळंत," माझी बायको म्हणाली.

"आज शाळंत? आज न्यायची हुती ना?"

बायकोनं अव्वाकडं बघितलं. तिनं स्वतः उत्तर दिलं नाही. ते अव्वाकडनंच यायला पाहिजे हे तिला माहीत होतं. अव्वानं एका पोराचा शेंबूड पुसला. मग दुसऱ्याचा. मामा एका पायावरनं दुसऱ्या पायावर झाला.

"तिचे हात बरे व्हईस्तोवर ऱ्हाऊ दे," अव्वा म्हणाली.

"मग कवा येऊ?"

"मी सांगावा धाडीन."

तो सांगावा तिनं मरेपर्यंत धाडला नाही. मामा जाताना म्हणाला, "हेलपाटा पाडलात की!" माझ्या बायकोनं त्याला चहा पाजला आणि वर चटणीची पुडी दिली.

त्यानंतर ती बोळाच्या मागंच लागली. मी सुट्टीच्या दिवशी पडक्या भिंतीच्या विटा आणि शहाबादी फरशीचे तुकडे आणून घरोघर कमरेएवढे कट्टे बांधले, स्टोव्ह वर ठेवायला. बायका कुरकुरल्या, उभं राहून भाकरी कशी थापायची म्हणून. मग सवय झाली. कात्र्या खुंटीला गेल्या. आणि घंगाळात आधी गार पाणी, मग कढत. नवी नवरी बोळात आली की तिला ही तेवढी गोष्ट सांगायची, नाव घ्यायला लावायच्या आधी. एका सासूनं विचारलं, "आमच्या सात पिढ्या आधी कढत वतत आल्या, त्या काय येड्या हुत्या?" ही म्हणाली, "येड्या नव्हत्या. त्यांच्या दारात इहीर असंल."

नंतरही पोरं पडली. एकाचा हात मोडला, एक गटारात गेलं. बायको काही देव नव्हती. पण कढत पाण्यानं भाजलेलं पोर मी त्या बोळातनं पुन्हा दवाखान्यात नेलं नाही.

अक्का शिकली. आता तिचे केस पांढरे झालेत, मुली सासरी गेल्या. नळाच्या पलीकडच्या घरात राहते. हातावरची कातडी अजून चुरगळलेल्या कागदासारखी आहे, ती कधी बाही खाली ओढत नाही. बोळात बिड्या वळणाऱ्या थोड्या राहिल्यात, बाकीच्या शिवणकामाला जातात. पानं कापून द्यायचं संपलं, पण पाळी संपली नाही. बायकोची पाळी बुधवारी. म्हातारी झाली तरी तिनं ती कुणाला दिली नाही.

चटणी केली तो मंगळवार होता. संध्याकाळी तिला न्यायच्या आधी अंघोळ अक्कानं घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरात चूल पेटली नव्हती म्हणून अक्का चहा घेऊन आली. मी विचारलं, "पोरं कुटं हायेत?"

"मामा, आज कशाला? ज्याची त्यानं घरी ठिवलीत."

"घरी कुणापाशी?"

तिनं कप खाली ठेवला. आया कामाला गेलेल्या, घरी कुणापाशी असणार ते तिलाही ठाऊक होतं.

"बुधवार हाय," मी म्हणालो.

"सुतक हाय, मामा."

"सुतक मला हाय, पोरांना न्हाय. जा, घिऊन ये."

ती पदरानं तोंड पुसत गेली. मी खाट भिंतीला लावली. काडेपेटी, वस्तरा आणि उशाशी पडलेली तिच्या गोळ्यांची डबी उचलून वरच्या फळीवर ठेवली. मग दारात आडवे पाय पसरून बसलो.